टाचेचं हाड मोडलं, तर छेद कुठून घ्यायचा?

परांचीवरून किंवा माडावरून पडलेला माणूस पायांवर आदळला, की सगळा भार घोट्यातल्या टेलस या हाडातून टाचेच्या हाडात उतरतो. टेलस पाचरीसारखं खाली घुसतं. टाचेचं हाड आतून सच्छिद्र आणि बाहेरून पातळ असतं. ते चेपून बसकं आणि रुंद होतं. अशा रुग्णाची पाठही तपासावी लागते, कारण त्याच धक्क्यात कमरेचा मणका मोडलेला असू शकतो.

हाड किती बसलं हे एक्स-रेवर बोहलरच्या कोनावरून, म्हणजे टाचेच्या हाडाच्या वरच्या कडेला धरून काढलेल्या दोन रेषांमधल्या कोनावरून, कळतं. धडधाकट टाचेत हा कोन साधारण २० ते ४० अंश असतो; मोडल्यावर तो कधी शून्याच्याही खाली जातो. टेलस आणि टाचेचं हाड यांच्यातल्या सांध्याचे तुकडे किती झाले, ते मात्र सीटी स्कॅनमध्येच नीट दिसतं.

आता खरी अडचण. मांडीचं हाड बसवताना वर मांसाचा जाड थर असतो. टाचेच्या बाहेरच्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नसतं. म्हणून इथे शस्त्रक्रियेची पद्धत हाडाइतकीच कातडीही ठरवते.

जुनी, रुळलेली पद्धत म्हणजे बाहेरच्या बाजूला इंग्रजी ‘एल’च्या आकाराचा मोठा छेद. हाडापासून सोडवलेली कातडी वर उचलून धरली, की सगळे तुकडे समोर दिसतात. ते जुळवून प्लेट आणि स्क्रू बसवता येतात. पण त्या कातडीला रक्त पुरवणारी धमनी बारीक असते. ‘एल’चा कोपरा काळा पडतो, जखम चिघळते, आत जंतुसंसर्ग झाला तर प्लेट काढावी लागते. म्हणून सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा दहा ते चौदा दिवस, सर्जन थांबतात. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि मधुमेहींना हा धोका जास्त.

ब्रिटनमधल्या २२ रुग्णालयांनी १५१ रुग्णांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले यांच्या दुखण्यात आणि चालण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. गुंतागुंत किंवा पुन्हा शस्त्रक्रिया मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांत २३ टक्के, न झालेल्यांत ४ टक्के! यावरून ‘ऑपरेशन करूच नये’ असा अर्थ काढणं चूक आहे. टाच फारच वेडीवाकडी झालेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, आणि शस्त्रक्रिया मोठ्या छेदाची होती.

दुसरी पद्धत सायनस टार्साय छेदाची; सायनस टार्साय म्हणजे टेलस आणि टाचेचं हाड यांच्यामधली बाहेरच्या बाजूची पोकळी. घोट्याच्या बाहेरच्या टोकाखालून पुढे, करंगळीच्या बाजूच्या हाडांच्या दिशेने, तीन ते पाच सेंटीमीटरचा छेद घेतात. त्यातून बिघडलेला सांधा थेट दिसतो आणि कातडी फारशी सोडवावी लागत नाही. सगळी सूज उतरण्याआधीही हे करता येतं. तुलनात्मक अभ्यासांत जखमेच्या तक्रारी कमी आढळल्या आणि हाड जवळपास तितकंच नीट बसलं. दोन-तीन तुकड्यांच्या मोडीत मला हीच पद्धत अधिक शहाणपणाची वाटते. हाडाचा चुराच झाला असेल, तर मात्र एवढ्याशा खिडकीतून सगळं सावरणं अवघड. सर्जनचा हातही त्यात मुरलेला हवा.

तिसरी वाट म्हणजे बारीक छिद्रांतून, सी-आर्मवर (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघत, पिना आणि स्क्रू घालणं. साध्या मोडीला ती पुरते. पद्धत कोणतीही असो, त्या पायावर साधारण सहा ते बारा आठवडे भार टाकता येत नाही. सांधा पुढे झिजून दुखतच राहिला, तर तो जुळवून कायमचा बंद करतात.

एका प्रकारात मात्र थांबायला वेळच नसतो. पोटरीच्या जाड स्नायुबंधामुळे टाचेच्या मागच्या हाडाचा तुकडा वर ओढला जातो आणि कातडीला आतून रेटतो. टाचेमागची कातडी पांढरीफटक, ताणलेली दिसत असेल, तर काही तासांत ती मरू शकते. अशा रुग्णाला सकाळपर्यंत घरी न ठेवता लगेच रुग्णालयात न्यावं.