असिस्टेड लिव्हिंग व मेमरी केअर केंद्राची पारख

नातेवाइकाला कायमचे राहण्यासाठी ठेवण्यापूर्वी एखाद्या केंद्रातील माणसे, सेवा, सुरक्षितता, करार आणि रोजचे जगणे यांची केलेली काळजीपूर्वक पाहणी. असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहणाऱ्याला स्वतंत्र खोली आणि आंघोळ, कपडे, औषधे अशा कामांत गरजेपुरती मदत मिळते. मेमरी केअर हा स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीचा विभाग होय. तो त्याच आवारात असतो किंवा स्वतंत्र असतो. तेथील दारांवर नियंत्रण असते आणि कर्मचाऱ्यांना या आजाराचे प्रशिक्षण असणे अपेक्षित असते. शुश्रूषागृहात परिचारिकांची देखरेख हा सेवेचा गाभा असतो. असिस्टेड लिव्हिंग आणि मेमरी केअर या दोन्ही ठिकाणी मात्र प्रशिक्षित परिचारिका रात्री हजर असेलच असे नाही. हे पहिल्याच चौकशीत विचारून घ्यावे.

असिस्टेड लिव्हिंगला आजचे रूप मुख्यतः अमेरिकेत मिळाले. केरेन ब्राउन विल्सन यांच्या आईला पंचावन्नाव्या वर्षीच पक्षाघात झाला आणि तिला शुश्रूषागृहात राहावे लागले. तिथले तिचे पराधीन जगणे पाहिलेल्या विल्सन यांनी १९८३ मध्ये ऑरेगनमधील पोर्टलंड येथे ‘पार्क प्लेस’ हे निवासकेंद्र सुरू केले. खोलीच्या दाराचे कुलूप राहणाऱ्याच्या हाती आणि सामानही त्याचेच, ही त्यामागची कल्पना होती. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत नेदरलँड्समधील वेस्प येथील ‘होगेवेक’ हे वसाहतवजा केंद्र २००९ पासून ओळखले जाते. तेथे सहा-सात जणांचे एकेक घर असते आणि आवारातच दुकान, उपाहारगृह व नाट्यगृह असते. जपानमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीच्या ग्रुप होममध्ये एका घटकात पाच ते नऊ जण राहतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मोठ्या गर्दीपेक्षा लहान, ओळखीचे वर्तुळ सोसते, हा या साऱ्यांमागचा समान अनुभव आहे.

पारख करताना खरी अडचण निराळीच असते. इतर सेवांबद्दल ती घेणारा स्वतः सांगू शकतो. येथे राहणाऱ्याला काल काय झाले ते आठवत नाही, आठवले तरी शब्द सापडत नाहीत, आणि त्याची तक्रार आजाराचा भाग म्हणून बाजूला सारली जाण्याचा धोका असतो. त्यामुळे नातेवाइकाला त्याच्या जागी बसून पाहावे लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड आणि त्यांच्या ब्रॅडफर्ड येथील सहकाऱ्यांनी यासाठी ‘डिमेन्शिया केअर मॅपिंग’ ही पद्धत विकसित केली. निरीक्षक सामायिक दालनात काही तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक माणूस काय करतो आहे, त्याची मनःस्थिती कशी आहे, त्याच्याशी कोण कसे वागले, हे नोंदवतो. किटवुड यांनी माणसाला खच्ची करणाऱ्या वर्तनाची यादीही केली होती. घाई करणे, लहान मुलासारखे बोलणे, त्याच्या देखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे, दुर्लक्ष करणे हे सारे तिच्यात येते. कुटुंबाला प्रशिक्षित निरीक्षकासारखे काम करता येणार नाही, पण कोपऱ्यात तासभर गप्प बसता येते. तो तास माहितीपुस्तिकेपेक्षा कितीतरी अधिक सांगतो.

त्या तासात मुख्यतः एकच गोष्ट पाहावी : कुणी नकार दिला की काय होते. आंघोळीला नको म्हणणारी बाई, ताटावरून उठून जाणारा गृहस्थ, ‘मला घरी जायचंय’ असे पुन्हा पुन्हा म्हणणारे आजोबा अशा ठिकाणी असतातच. चांगला मदतनीस थांबतो, समोर येऊन नजरेच्या पातळीवर बोलतो, विषय बदलतो, थोड्या वेळाने पुन्हा येतो. वाईट ठिकाणी आवाज चढतो, हात धरला जातो किंवा औषध दिले जाते. हा शेवटचा मुद्दा गंभीर आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक (तीव्र मनोविकारांवरील) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये या गटातील नव्या औषधांसाठी दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. अशी औषधे किती जणांना चालू आहेत, कोण लिहून देते, डोस कमी करण्याचा प्रयत्न कधी होतो, हे संकोच न करता विचारावे. दुपारी सगळे निवासी खुर्च्यांत झोपलेले दिसले, तर दुसऱ्या वेळी पुन्हा जाऊन पाहावे.

भेटीची वेळ म्हणूनच महत्त्वाची ठरते. सकाळी अकराला, व्यवस्थापक सोबत असताना, जवळपास प्रत्येक केंद्र नीटनेटके दिसते. स्मृतिभ्रंशात दिवस मावळताना अनेकांची अस्वस्थता आणि येरझाऱ्या वाढतात, आणि कर्मचाऱ्यांची पाळी बदलण्याची वेळही कधी कधी तीच असते. संध्याकाळी, जेवणाच्या वेळी आणि सुट्टीच्या दिवशी मिळून किमान दोनदा न कळवता जावे. घास भरवणारा मदतनीस बसून भरवतो की उभ्याने, पाणी हाताशी आहे का, भिंतीवरच्या वेळापत्रकातला कार्यक्रम खरोखर चालू आहे का, हे तेव्हाच दिसते. क्षणभराचा दुर्गंध कुठेही येतो. प्रत्येक भेटीत तोच वास येत असेल, तर माणसे अपुरी आहेत असे समजायला जागा आहे.

मनुष्यबळाविषयी विचारताना सरासरी आकड्यावर समाधान मानू नये. रात्री या विभागात नेमके किती जण जागे असतात आणि एकाच वेळी दोघे पडले तर कोण येते, असे विचारावे. कर्मचारी किती काळ टिकतात, हेही तितकेच महत्त्वाचे, कारण आठवण हरवलेल्या माणसाला ओळखीचा चेहरा हाच मोठा आधार असतो. कुलूपबंद दारामुळे बाहेर भटकण्याचा धोका कमी होतो, पण आत मोकळे फिरता येईल अशी वाट किंवा अंगण नसेल तर तो निव्वळ कोंडमारा होतो.

प्रवेशाआधी केंद्राने व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून तिच्या क्षमतांचे मूल्यमापन केले पाहिजे. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामे आजही त्यासाठी आधार म्हणून वापरली जातात : आंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, उठ-बस, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवण. न भेटताच जागा देऊ करणारे केंद्र टाळावे. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर त्या व्यक्तीला सोबत नेऊन तिचे मत घ्यावे. पुढे ते घेता येणार नाही.

सरकारी तपासणीचे अहवाल जरूर वाचावेत, मात्र त्यांची व्याप्ती देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था केंद्रांना चार श्रेणींत बसवते आणि अहवाल खुले ठेवते. अमेरिकेत शुश्रूषागृहांवर संघराज्याचे नियम आहेत, तर असिस्टेड लिव्हिंगचे नियम प्रत्येक राज्य ठरवते.

करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम बाहेर काढण्याविषयीचे असते. चालणे थांबले, गिळणे अवघड झाले, वर्तन आक्रमक झाले किंवा पैसे संपले, तर केंद्र ठेवून घेईल का? अखेरच्या दिवसांत उपशामक (वेदना व त्रास कमी करणारी) सेवा तिथेच मिळेल का? मदतीची पातळी वाढली की शुल्क वाढते, ते कोण ठरवते आणि किती आधी कळवते, हेही लेखी घ्यावे. शक्य असल्यास काही आठवड्यांचा तात्पुरता मुक्काम करून पाहावा.

प्रवेशानंतर पहिले काही आठवडे गोंधळ आणि रडारड वाढू शकते. एवढ्यावरून केंद्र वाईट ठरत नाही. वजन घटणे, अंगावर कारण न सांगितलेले वळ, औषधांच्या यादीत गुपचूप झालेली भर आणि पडण्याच्या घटना उशिरा कळवणे ही मात्र पुन्हा पाहणी करण्याची, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास जागा बदलण्याचीही, पुरेशी कारणे आहेत.