1 टीबीची हार्ड डिस्क 931 जीबीच का दिसते?

'डब्यावर 1 टीबी आणि कॉम्प्युटरवर 931 जीबी, म्हणजे दुकानदाराने गंडवलं किंवा व्हायरसने जागा खाल्ली.' हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. परवा विश्रामबागेत शेजारच्या काकांकडे नवी डिस्क बसवली, तेव्हा त्यांनाही हीच शंका आली. साहजिक आहे, 69 जीबी कमी दिसल्यावर कुणालाही येईल.

जागा कुठेही गेलेली नसते. डिस्क बनवणारे 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र 1 जीबी मोजताना तीनदा 1024 ने भागतं. तोच आकडा तसा भागला की 931 येतो. एक एकर रान सातबाऱ्यावर 0.40 हेक्टर दिसतं, म्हणून बांध सरकत नाही, तसंच हे.

खात्री करायची तर 'धिस पीसी'मध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. कपॅसिटीसमोर आधी बाइटचा लांबलचक आकडा असतो, मग जीबी. काकांनी बोट ठेवून अंक मोजले: तेरा. एक लाख कोटीत तेवढेच असतात. विंडोजच्याच डिस्कवर रिकव्हरीसाठी थोडी जागा वेगळी ठेवलेली असते, तिथे आकडा जरा कमी भरेल.

खरी फसवणूक वेगळी दिसते, आणि तिथे जपायला हवं. अगदी स्वस्तातली बनावट 2 टीबी पेनड्राइव्ह आकडा पूर्ण दाखवते, पण भरत गेलं की जुन्या फाइल उघडेनाशा होतात. म्हणून नवी ड्राइव्ह आधी पूर्ण भरून, फाइल परत उघडून बघा. घरचे फोटो त्यानंतरच टाका.