ट्रायल्स की स्क्रॅम्बलर? पाना हातात घेण्याआधी

१९६१ च्या स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल या मोटरसायकलच्या स्पर्धेत गॉर्डन जॅक्सनचा सहा दिवसांत फक्त एक गुण गेला. ओढ्यातले निसरडे धोंडे, चिखल, उभे चढ, पंचांच्या नजरेखालचे कितीतरी टप्पे, आणि त्या सगळ्यांत एकदाच त्याचा पाय जमिनीला लागला. गाडी होती ३५० सीसीची ब्रिटिश एजेएस. ट्रायल्स म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं की मी हेच सांगतो. त्या काळी एकदा पाय टेकला की एक गुण जायचा, जास्त वेळा टेकला की तीन आणि गाडी थांबली की पाच. त्या टप्प्यात कोण किती जोरात गेला, याला किंमत नाही.

स्क्रॅम्बल्स याच्या अगदी उलट. सगळ्यांनी एकदम सुटायचं, माळावरच्या खाचखळग्यांतून फेऱ्या मारायच्या, जो पुढे तो जिंकला. पाय कितीही टेका. आज आपण ज्याला मोटोक्रॉस म्हणतो, त्याचं हे मूळ रूप.

दोन्हींचं घराणं मात्र एकच. यॉर्कशरमध्ये १९१४ साली सुरू झालेल्या स्कॉट ट्रायलमध्ये वेळही मोजतात आणि पायही. १९२४ साली इंग्लंडच्या दक्षिणेतल्या लोकांना कॅम्बर्लीजवळ तशीच स्पर्धा घ्यायची होती, पण पाय मोजायचे टप्पे वगळून. ते टप्पेच नाहीत तर याला ट्रायल म्हणता येणार नाही, असं नियामक संस्थेने सांगितलं आणि ‘स्क्रॅम्बल’ हे नाव पडलं. जुनी ब्रिटिश गाडी दुरुस्त करायला घेणाऱ्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण पुढची चाळीसेक वर्षं कारखान्यांनी या दोन खेळांसाठी जवळजवळ त्याच सुट्या भागांतून दोन वेगळ्या गाड्या बनवल्या.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या सी१५ चं. साधी रस्त्यावरची सी१५ आली १९५८ मध्ये. त्यानंतर लगेच तिच्या दोन बहिणी आल्या: सी१५टी ट्रायल्ससाठी, सी१५एस स्क्रॅम्बल्ससाठी. इंजिन तिन्हींचं २४७ सीसी, बोअर ६७ मिलिमीटर, स्ट्रोक ७०. साठ वर्षांनंतर गोठ्यातून काढलेली, मडगार्ड नसलेली, गंजलेली गाडी बाहेरून बघून तिन्हींपैकी कुठली ते सांगणं अवघड आहे. तरीही विकणारा ‘दुर्मीळ ट्रायल्स’ म्हणून पैसे मागतो.

खरा फरक इंजिनाच्या स्वभावात आहे. ट्रायल्सची गाडी चालण्याच्या वेगाने दगडावर चढते. तिथे इंजिनाने धडपडायचं नाही, बंदही पडायचं नाही. म्हणून कॉम्प्रेशन कमी, कॅम (झडपा उघडणारा भाग) सौम्य, कार्ब्युरेटर लहान आणि फ्लायव्हील जड. थ्रॉटल जवळजवळ बंद असतानाही ते जड चाक इंजिनाला एकेक ठोका पुढे ढकलत राहतं. स्क्रॅम्बलरला हेच जड चाक अडचणीचं. तिला वळणातून बाहेर पडताना आरपीएम झटकन चढायला हवेत. म्हणून कॉम्प्रेशन जास्त, कॅम तिखट, कार्ब्युरेटर मोठा, सायलेन्सरच्या जागी बहुतेकदा नुसती नळी.

टायर, हँडल, सीट, टाकी यांवरून मात्र निकाल देऊ नका. ट्रायल्सच्या टायरचे ठोकळे जवळजवळ आणि उथळ असतात, स्क्रॅम्बलरचे विरळ आणि उंच, हे खरं. पण टायर अर्ध्या तासात बदलता येतो. माझ्या मते नवशिके इथेच फसतात. डोळ्यांत भरतं तेच सगळ्यात सहज बदललेलं असतं.

त्यापेक्षा गिअरबॉक्सला विचारा. स्पार्क प्लग काढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक बरोबर एक फेरी फिरवताना क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) किती फेऱ्या फिरतो ते मोजा. मग टॉप गिअरमध्ये तेच करा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. कुणी स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चाकं) बदलले असले तरी भागाकारात त्यांचा परिणाम उडून जातो आणि उरतो तो गिअरबॉक्सच्या आतला फरक. ट्रायल्सच्या बॉक्समध्ये हे उत्तर साधारण तीन किंवा त्याहून वर येतं, कारण पहिला गिअर चढासाठी अगदी खालचा आणि टॉप मात्र पुढच्या टप्प्यापर्यंत रस्त्याने जायला. स्क्रॅम्बलरचे गिअर एकमेकांना चिकटून असतात, तिथे उत्तर दोनाकडे झुकतं. मध्येच कुठे आलं तर तो बहुधा रस्त्यावरच्या गाडीचा बॉक्स.

तो ‘पुढच्या टप्प्यापर्यंत रस्त्याने’ हा भाग शोधाच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे. ट्रायल्सचे टप्पे डोंगरात विखुरलेले, मधला प्रवास सार्वजनिक रस्त्यावरून. म्हणून या गाड्यांना सायलेन्सर लागायचा, रीतसर नोंदणी लागायची, नंबर प्लेट लागायची. स्क्रॅम्बलर बऱ्याचदा व्हॅनमध्ये घालून मैदानावर नेत, रस्त्यावर तिची नोंदणी कधी झालीच नाही. म्हणजे ट्रायल्सच्या गाडीमागे कागद राहतो, स्क्रॅम्बलरमागे फारसा नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा नोंदणी जिल्ह्यागणिक व्हायची आणि नंबरमधली अक्षरं जिल्हा सांगायची. ‘ओव्ही’ म्हणजे बर्मिंगहॅम, ‘एनपी’ म्हणजे वूस्टरशर. सत्तरच्या दशकात सगळा कारभार स्वॉन्सीच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे गेला, तेव्हा काही जिल्ह्यांची जुनी रजिस्टरं नष्ट झाली, काही स्थानिक अभिलेखागारांत उरली. जुनं लॉगबुक (नोंदणीची पुस्तिका) हाती लागलं तर त्यात आधीच्या मालकांची नावं सापडतात.

त्याहून भक्कम पुरावा कारखान्याच्या पाठवणीच्या वह्यांचा: कुठला इंजिन नंबर, कुठली फ्रेम, कुठल्या दिवशी कुठल्या विक्रेत्याकडे गेली. बीएसएच्या अशा नोंदी व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयात आहेत, एजेएस-मॅचलेसच्या त्यांच्या मालकांच्या क्लबकडे. सी१५टी आणि सी१५एसच्या इंजिनावर नंबरआधी तीच अक्षरं ठोकलेली असतात. पण इंजिन एका गाडीतून दुसरीत जातं. म्हणून अक्षरं बघून थांबू नका. फ्रेमचा नंबर आणि इंजिनाचा नंबर वहीत एकत्र गेलेत का, ते बघा. नंबराभोवतीचा धातू घासलेला दिसला तर आधी वही, मग पैसे.

एक पेच आणखी आहे. १९६५ पूर्वीच्या ब्रिटिश गाड्यांसाठी आजही ट्रायल्स होतात आणि तिथे जिंकण्यासाठी कित्येक अस्सल गाड्या कापून हलक्या केल्या गेल्या. रस्त्यावरच्या गाड्यांची ‘ट्रायल्स’ झाली, स्क्रॅम्बलरचीही झाली. मग मूळ रूप कुठलं धरायचं? ट्रायल्सचा नामवंत स्वार सॅमी मिलर याच्या एरियलचं उदाहरण घ्या, नंबर जीओव्ही १३२. ५०० सीसीची ही जड गाडी त्याने वर्षानुवर्षं घासून, कापून, बदलून हलकी केली आणि १९६२ आणि १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. तिला कॅटलॉगमधल्या एचटी५ (एरियलचं ट्रायल्स मॉडेल) सारखी करणं म्हणजे इतिहास पुसणं. पण तुमच्या हातातली एचटी५ कुणी मिलरची नक्कल म्हणून नंतर कापली असेल, तर तिला कॅटलॉगकडे परत नेणंच योग्य, असं मला वाटतं. बदल कुणी, केव्हा आणि कशासाठी केला, ते कळल्याशिवाय तो काढू नये.

आपल्याकडच्या वाचकाला ‘ट्रायल्स’ म्हटलं की २०१९ ची बुलेट ट्रायल्स आठवेल: वर उचललेला सायलेन्सर, ठोकळ्यांचे टायर, ३५० ला लाल फ्रेम, ५०० ला हिरवी. नाव जॉनी ब्रिटन या स्वाराच्या, रॉयल एनफिल्डच्या इंग्लंडमधल्या रेडिच कारखान्यातून आलेल्या गाड्यांच्या आठवणीतून आलं. त्याने रॉयल एनफिल्डवर १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश सिक्स डेज जिंकली होती. पण २०१९ च्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स रस्त्यावरच्या बुलेटचंच. आणि उलटी वाटही आहे. मद्रासच्या बुलेट १९७७ पासून ब्रिटनला जाऊ लागल्या, म्हणून आज तिथे ‘रेडिचची ट्रायल्स’ म्हणून उभ्या असलेल्या गाडीच्या पोटात तिरुवोट्टियूरचं, म्हणजे मद्रासच्या कारखान्याचं, इंजिन निघू शकतं. ते इंजिन वाईट नाही, अशी गाडी मी आनंदाने चालवीन. फक्त तिच्या कागदावर तिरुवोट्टियूर लिहिलेलं हवं.