कारमधील कंपनी फिटेड ध्वनियंत्रणेची सुधारणा

कारखान्यातून गाडीसोबत आलेला स्टिरिओ, स्पीकर व त्यांचे वायरिंग यांतील काही भाग बदलून किंवा त्यांत भर घालून आवाजाची प्रत वाढवण्याचे काम. यात नवे स्पीकर, दारांचे डॅम्पिंग (पत्र्याचा कंप मारणे), वेगळा अ‍ॅम्प्लिफायर (संकेत वाढवून स्पीकरला शक्ती देणारा अ‍ॅम्प), सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) आणि गरज पडल्यास आवाज संगणकी पद्धतीने दुरुस्त करणारा ध्वनिप्रक्रियक (डीएसपी) हे टप्पे येतात. दुकानात बोलणे स्टिरिओच्या स्क्रीनपासून सुरू होते. खर्चाचा क्रम मात्र नेमका उलटा असावा. आधी दारे, मग पुढचे स्पीकर, मग अ‍ॅम्प, आणि स्टिरिओ सर्वांत शेवटी.

मूळ यंत्रणेची मर्यादा

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढच्या दारांत साडेसहा इंची, हलक्या चुंबकाचे स्पीकर असतात. स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते. तो आकडा येतो कुठून हे पाहण्यासारखे आहे. इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. ते सगळे ४ ओहम विद्युत रोधाच्या स्पीकरवर चौरस तरंगाच्या रूपात ओतले, तर १४.४ × १४.४ ÷ ४, म्हणजे सुमारे ५२ वॅट होतात. चौरस तरंग म्हणजे पूर्ण फाटलेला आवाज. स्वच्छ आवाजात स्टिरिओतली अ‍ॅम्पची चिप चॅनलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, २० वॅटच्या आसपास देते.

म्हणून अ‍ॅम्प न लावता फक्त स्पीकर बदलायचे असतील, तर खोक्यावरच्या कमाल वॅटपेक्षा संवेदनशीलता (ठरावीक शक्तीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते) पाहावी. ८८ डेसिबलऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेणे हे अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट करण्यासारखे आहे. जड कोनाचा, ‘३०० वॅट’ लिहिलेला महाग स्पीकर २० वॅटवर मूळ स्पीकरपेक्षाही मरगळलेला वाजू शकतो.

काही महाग व्हेरियंटमध्ये कंपनीचाच वेगळा अ‍ॅम्प आणि २ ओहमचे स्पीकर येतात. तिथे ४ ओहमचे स्पीकर बसवले की शक्ती जवळपास निम्मी होते आणि ‘नवे स्पीकर घेऊन आवाज कमी झाला’ अशी तक्रार येते. खरेदीआधी मूळ स्पीकर उतरवून मल्टिमीटरने मोजावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३ ते ३.६ दाखवतो, २ ओहमचा त्याच्या निम्म्याजवळ.

दार

साऱ्या कामात सर्वाधिक फरक पाडणारा आणि सर्वाधिक टाळला जाणारा भाग हाच. स्पीकरचा कोन पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे खेचतो. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोके असतात; त्यांतून मागची लाट पुढे येऊन पुढच्या लाटेला मिळते आणि खालचे स्वर एकमेकांना खोडतात. तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही, याचे कारण बहुधा स्पीकर नसून ही भोके असतात.

डोअर पॅड काढताना हँडलच्या खाचेतले व आर्मरेस्टखालचे स्क्रू आधी शोधावेत, मग प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा खालून सोडवत वर जावे. दोन-चार क्लिपा तुटणारच. नव्या आणून ठेवाव्यात. पॅडमागे काळ्या चिकट ब्युटिल रबराने बसवलेला पॉलिथिनचा पडदा असतो. तो फाडून फेकून देणे ही सर्रास होणारी चूक आहे. काचेवरून दारात उतरणारे पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो असतो. भोके नीट बंद न करता तो काढला, तर पहिल्याच पावसाळ्यात पायाखालचे मॅट ओले होते.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर २ मिलिमीटर जाडीची, अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीची ब्युटिल शीट रोलरने दाबून बसवावी. फॉइलवरचा उठाव सपाट झाला की शीट पुरती चिकटली असे समजावे. बाहेरच्या पत्र्याचा तिसरा हिस्सा झाकला तरी कंप मरतो. शंभर टक्के झाकण्यात दाराचे वजन वाढते, बाकी काही नाही. आतल्या पत्र्याची भोके मात्र पूर्ण बंद हवीत. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणली तर तीच पडद्यासारखी थरथरते, म्हणून तिथे आधी अ‍ॅल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा तुकडा स्क्रूने बसवावा. दाराच्या तळाच्या निचऱ्याच्या फटी कधीही झाकू नयेत. डांबराच्या स्वस्त शीट विदर्भातल्या मेच्या उन्हात मऊ होऊन घसरतात आणि वास मारतात; तेवढ्या बचतीत अर्थ नाही.

स्पीकरखालचे स्पेसर (उंची देणाऱ्या कड्या) स्वस्त एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकूडभुशाचे, असले की कोकणात दोन पावसाळ्यांत फुगतात. एबीएस प्लास्टिकचे किंवा मरीन प्लायचे घ्यावेत. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून चुंबकाला लागत नाही ना, हे पाहावे. स्पीकरच्या कडेला फोमची गोल पट्टी लावली की आवाज पॅडच्या मागे न सांडता जाळीतून बाहेर येतो.

ट्वीटर व जोडणी

कंपोनंट संचात वूफर (खालच्या स्वरांचा) व ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) वेगळे असून मध्ये स्वर दोघांत वाटणारा क्रॉसओव्हर असतो. मूळ ट्वीटरला अनेकदा फक्त एक कपॅसिटर लावलेला असतो, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४ ओहमवर साधारण ८.५ किलोहर्ट्झच्या खालचे स्वर हळूहळू कमी करतो. कपॅसिटर किंवा क्रॉसओव्हर वगळून नवा ट्वीटर थेट जोडला, तर तो पहिल्याच गाण्याला जळतो.

मूळ वायर कापू नये. त्या मॉडेलचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) बाजारात मिळतो. तो लावला तर काम मागे फिरवता येते आणि वॉरंटीचा वाद कमी होतो. बाहेरच्या स्टिरिओच्या वायरींचे रंग ठरलेले आहेत: पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल चावीसोबतची, काळी ग्राउंड, निळी-पांढरी अ‍ॅम्प चालू करणारी. गाडीच्या स्वतःच्या वायरींना हे रंग लागू नाहीत. पिवळ्या कपलरची जोडणी सहसा एअरबॅगची असते. तिला हात लावू नये, आणि पिलरमधून (काचेशेजारच्या खांबातून) वायर नेताना ती बाजूच्या पडदा-एअरबॅगच्या मागून न्यावी, पुढून नव्हे.

स्पीकरच्या वायरींचे धन-ऋण तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. धनाला धन लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. चारांतला एक उलटा जोडला गेला तरी बेस गायब होतो.

अ‍ॅम्प्लिफायर

चार चॅनलचा, चॅनलमागे ६० ते ७५ वॅट आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या शक्तीचा) क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, अ‍ॅम्प बहुतेक गाड्यांना पुरतो. एकूण ३०० वॅट, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १३.८ व्होल्टवर सुमारे २७ अँपिअर लागतात. त्यासाठी ८ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) अस्सल तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज ठीक. बाजारातल्या बऱ्याच संचांत तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. तेवढ्याच प्रवाहाला ती दोन गेज जाड घ्यावी लागते. टोक तासून पाहिले की आतला चंदेरी रंग दिसतो.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अ‍ॅम्पला नव्हे, वायरीला वाचवतो: इंजिन व केबिनमधल्या फायरवॉलच्या पत्र्यावर इन्सुलेशन घासून शॉर्ट झाला तर आग लागण्याआधी तो उडायला हवा. म्हणून त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रॉमेट (कडेची कडी) लागतेच. ग्राउंडची वायर अर्ध्या मीटरपेक्षा लहान ठेवून, रंग खरवडून बॉडीच्या बोल्टला लावावी; सीटबेल्टच्या बोल्टला कधीच नाही. बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असलेल्या गाड्यांत त्या टोकाला थेट जोडणी केली की चार्जिंगचे गणित बिघडते. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर आधी ग्राउंड तपासावे, मग आरसीए (स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे संकेत नेणारी) व पॉवरची वायर एकाच बाजूने आली आहे का ते पाहावे.

स्क्रीन डॅशबोर्डातच मुरलेल्या गाड्यांत स्टिरिओ बदलणे व्यवहार्य नसते. तिथे स्पीकरच्या वायरीवरून संकेत घेणारा, हाय-लेव्हल इनपुटचा अ‍ॅम्प घ्यावा. अनेक मूळ स्टिरिओ आवाज वाढेल तसा बेस कापतात, मूळ स्पीकर वाचवण्यासाठी. हा उतार सपाट करायला डीएसपी लागतो.

जुळवणी

अ‍ॅम्पवरचा गेन, म्हणजे येणारा संकेत अ‍ॅम्प किती वाढवेल हे ठरवणारे बटण, म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्पीकर सोडवून, इक्वलायझर सपाट ठेवून, स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर न्यावा आणि १ किलोहर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन वाजवावा. अ‍ॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन वाढवावा. ४ ओहमवर ६० वॅट हवे असतील तर ६० × ४ चे वर्गमूळ, म्हणजे १५.५ व्होल्टला थांबावे. दारांतल्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे स्वर अडवणारा फिल्टर) आणि सबवूफरला तिथूनच लो-पास (त्यावरचे अडवणारा) ही चांगली सुरुवात आहे.

डीएसपी असेल तर दोन्ही बाजूंचा आवाज कानी एकाच वेळी पोहोचेल अशी वेळ जुळवता येते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर कानापासून ९० सेंटिमीटर आणि डावा १४० सेंटिमीटर असेल, तर ५० सेंटिमीटरचा फरक पडतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरल्यास उजव्याला १.४६ मिलिसेकंद उशीर द्यावा. मग गायिकेचा आवाज मांडीजवळच्या दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येतो.

सबवूफर

१२ इंची सबवूफरच्या सीलबंद खोक्याला साधारण २८ लिटर जागा लागते. मुंबई-पुण्यात सीएनजी गाड्यांची डिकी सिलिंडरने व्यापलेली असते. तिथे सीटखाली मावणारा आठ इंची, अ‍ॅम्पसह येणारा चपटा सब हाच मार्ग उरतो. खिडक्या हादरवणारा बेस त्याच्याकडून मिळत नाही. काही माइल्ड हायब्रिड (छोट्या विद्युत मोटरची मदत असलेल्या) गाड्यांत सीटखाली लिथियम बॅटरी असते, हे आधी वाकून पाहावे. डिकीच्या तळाला न पाहता स्क्रू मारू नये: खालून गॅसची किंवा इंधनाची नळी गेलेली असू शकते.

विमा

बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणे नेहमीच्या मोटार विम्यात आपोआप येत नाहीत. बिलासह किंमत कळवून, जादा हप्ता भरून पॉलिसीत आयएमटी २४ हे पृष्ठांकन (अशा उपकरणांना संरक्षण देणारी जोडलेली नोंद) करून घ्यावे लागते. मूळ स्पीकर, स्क्रू व कपलर एका पिशवीत ठेवावेत. गाडी विकताना नवी यंत्रणा काढून पुढच्या गाडीत नेता येते, कारण जुन्या गाडीच्या खरेदीदाराकडून तिचे पैसे क्वचितच वसूल होतात.