नर्व्हजची ही वर्गवारी आली कुठून?

इंदूरला आमच्यासारख्या मराठी घरांत एखादं तरी पोर एमजीएम मेडिकल कॉलेजला नाहीतर नर्सिंगला असतंच, आणि फर्स्ट इयरला बहुतेकांची गाडी नर्व्हजपाशी येऊन अडते. मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्या, मेरुरज्जूतून (पाठीच्या कण्यातल्या दोरीतून) ३१, वर सेन्सरी-मोटर म्हणजे संवेदनेच्या आणि हालचालीच्या, त्यावर तंतूंचे ए, बी, सी प्रकार, नुसती घोकंपट्टी. पण हे सगळं टप्प्याटप्प्याने ठरत गेलंय, आणि ते कसं ठरलं हे आधी सांगितलं ना तर पाठांतराचं ओझं निम्मं होईल असं मला मनापासून वाटतं.

आधी लोकांनी डोळ्यांना दिसलं तेवढं मोजलं. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेनने ७ जोड्या धरल्या, वासाची नर्व्ह तर त्याने मोजलीच नाही. १६६४ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टर विलिसने ९ केल्या, पण चेहऱ्याची आणि कानाची त्याने एकाच नंबरात घातली होती. आजच्या १२ जोड्या १७७८ मध्ये जर्मनीच्या सोमरिंगने डॉक्टरकीच्या थिसिसमध्ये मांडल्या, वय फक्त २३!

मग प्रश्न बदलला, नर्व्ह निघते कुठून यापेक्षा ती करते काय. १८११ मध्ये लंडनच्या डॉक्टर बेलने लिहिलं की मेरुरज्जूतून निघणाऱ्या नर्व्हजच्या पुढच्या मुळांना धक्का लावला की स्नायू आखडतात, मागच्यांचं तसं होत नाही. १८२२ मध्ये पॅरिसच्या माजांदीने कुत्र्याच्या पिल्लांची मागची मुळं कापली तर पाय हलत होता पण त्याला काही जाणवत नव्हतं, म्हणजे मागची मुळं संवेदनेची, पुढची हालचालीची. (भूल नव्हती तेव्हा, वाचताना जीव कळवळतो.) श्रेयावरून दोघांत मोठं भांडण झालं, पुस्तकांत आता दोघांचंही नाव असतं, पण माझ्या मते पुरावा माजांदीचाच पक्का.

तिसरा प्रश्न वेगाचा. १९२० च्या दशकात अमेरिकेत अर्लँगर आणि गॅसर या शास्त्रज्ञांनी ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून बघितलं तर एकाच नर्व्हमधले तंतू वेगवेगळ्या स्पीडने सिग्नल नेत होते, जाड ए तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत, बारीक सी जेमतेम २ मीटर. १९४४ चं नोबेल याचंच. तापल्या तव्याला बोट लागलं की आधी चटका बसतो तो ए-डेल्टाचा, म्हणजे ए मधल्याच बारीक तंतूंचा, मागून रेंगाळत आग होते ती सी तंतूंची.

ही वर्गवारी आजही रोज कामाला येते. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये (नर्व्हमधून सिग्नल कसा जातो ते बघणारी तपासणी) जाड, वेगवान तंतूच मोजले जातात, त्यामुळे शुगरवाल्या काकूंचे तळवे रात्रभर जळतात आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा घरच्यांनी त्यांना उगाच मनाचे खेळ म्हणू नये, बारीक तंतूंचं डॉक्टरांना वेगळं विचारावं.