शंभर मण्यांची जपमाळ : तिबेट पायी मोजणाऱ्यांची पार्श्वभूमी

जगातले थोर शोधप्रवासी कोण, असं विचारलं की शाळेत पाठ केलेली नावं ओठावर येतात. कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन, कॅप्टन कुक. प्रत्येकाच्या नावापुढे एकेक ओळ ठरलेली. मॅगेलन 1521 मध्ये फिलिपाइन्समध्ये मारला गेला आणि जहाज घेऊन परत पोचला तो एल्कानो, तरी पृथ्वीप्रदक्षिणेची ओळ मॅगेलनच्याच नावावर आहे. गामाला 1498 मध्ये कालिकतपर्यंत आणणारा वाटाड्या आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरात मिळाला होता. त्याच्या वाट्याला तर ओळही आली नाही.

या यादीत एक नाव हक्काने असायला हवं, आणि ते आपल्याच देशातलं आहे. पंडित नैनसिंह रावत. कुमाऊँतल्या मिलम गावचा शाळामास्तर. तिबेटची राजधानी ल्हासा पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे आहे, हे त्याने एकोणिसाव्या शतकात चालत जाऊन, पावलं मोजून ठरवलं.

एका मास्तरावर ही वेळ का आली, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू झाली. विल्यम लॅम्ब्टनने ती वीस वर्षं उत्तरेकडे रेटत आणली आणि 1823 मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला, त्याने देह ठेवला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने मोजणी हिमालयाच्या पायथ्याशी नेली. 1852 मध्ये राधानाथ सिकदारांच्या गणिताने जगातलं सर्वोच्च शिखर कोणतं ते सांगितलं, आणि 1865 मध्ये त्या शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं.

शिखरं दुरून दुर्बिणीने मोजता येत होती. त्यांच्या पलीकडे मात्र काहीच दिसत नव्हतं. नेपाळ-तिबेट युद्ध 1792 मध्ये संपलं, तेव्हापासून तिबेटने परक्यांसाठी दारं लावून घेतली होती. गोरा माणूस आत सापडला तर त्याला परत पाठवत, आणि ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीतून तो आला त्याची गय होत नसे. मध्य आशियातल्या काश्गरकडे गेलेल्या अडॉल्फ श्लागिन्टवाइट या जर्मन प्रवाशाचा 1857 मध्ये तिथे शिरच्छेद झाला. दुसऱ्या बाजूने रशिया मध्य आशिया गिळत येत होता. 1865 मध्ये ताश्कंद पडलं. उद्या रशियन फौज हिमालयाच्या मागे येऊन ठेपली तर तिकडच्या वाटा, खिंडी, नद्या कुठे आहेत, याचा कागदोपत्री पत्ता इंग्रजांकडे नव्हता. तो पत्ता लावायची निकड लष्करी होती, ज्ञानाची तहान नंतरची, हे आपण लक्षात ठेवलेलं बरं.

मोजणी खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरीला काश्मीरमध्ये काम करताना एक साधी गोष्ट दिसली होती. सीमेवरचे व्यापारी बिनबोभाट ये-जा करतात. मग त्यांच्यातलाच माणूस शिकवून पाठवला तर? पहिला प्रयोग 1863 मध्ये अब्दुल हमीद या मुनशीवर झाला. तो लेहहून यारकंदला गेला, तिथे हिवाळाभर राहिला, निरीक्षणं नोंदवली, आणि परतीच्या वाटेवर मेला. त्याची टिपणं मात्र हाती आली. युक्ती चालते, हे एका माणसाच्या जिवावर सिद्ध झालं.

त्यानंतर कुमाऊँच्या शिक्षण खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या शिफारशीवरून नैनसिंह आणि त्याचा चुलतभाऊ मणिसिंह यांची निवड झाली. मिलम हे जोहार खोऱ्यातलं गाव. तिथले भोटिया पिढ्यान्‌पिढ्या खिंडी ओलांडून तिबेटात जात, धान्य देऊन मीठ आणि लोकर आणत. तिबेटी भाषा त्यांना घरच्यासारखी. नैनसिंहाने तरुणपणी श्लागिन्टवाइट बंधूंबरोबर कामही केलं होतं, त्यामुळे उपकरणं त्याला अगदीच नवी नव्हती. तो मास्तर होता म्हणून ‘पंडित’ म्हणत, आणि पुढे अशा सगळ्याच हेरांना इंग्रजी अहवालांत ‘पंडित’ हेच नाव पडलं.

डेहराडूनला त्यांना शिकवलं ते ऐकून आजही अचंबा वाटतो. पहिलं म्हणजे चालणं. चढ असो, उतार असो, वाळू असो, पाऊल साधारण साडेएकतीस इंचांचंच पडलं पाहिजे. दोन हजार पावलं म्हणजे एक मैल. दुसरं म्हणजे मोजणं, तेही कोणाच्या लक्षात न येता. त्यासाठी जपमाळ.

आपल्या घरच्या जपमाळेत 108 मणी असतात, तिबेटी बौद्धांच्या माळेतही तेवढेच. मोजणी खात्याने बनवलेल्या माळेत आठ मणी कमी ठेवले. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. माळ पुरी फिरली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. लहान मणी नकली पोवळ्यासारखे लाल होते आणि दर दहावा मणी मोठा, खरखरीत बियांचा. त्यामुळे अंधारात, बोचऱ्या थंडीत बोटं बधिर झाली तरी कितवा मणी आहे ते नुसत्या स्पर्शाने कळायचं. वाटेत हातात माळ आणि ओठांवर पुटपुट असलेल्या यात्रेकरूशी सहसा कोणी बोलायला जात नाही, हा आणखी एक फायदा. कोणी जवळ आलंच तर मोठ्याने मंत्र म्हणायला लागायचं.

दुसऱ्या हातात मणिचक्र, तिबेटी भाविक फिरवतात ते. त्याच्या नळकांड्यात मंत्राच्या गुंडाळीऐवजी कोरे कागद. दिवसभराची पावलं, वळणं, गावांची नावं त्यावर उतरवायची. पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्यांचे कोन मोजायचं यंत्र. पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केलेला. रात्री तो पारा लाकडी वाडग्यात ओतायचा, तो स्थिर झाला की त्यात ताऱ्याचं प्रतिबिंब पडतं. वर दिसणारा तारा आणि खालचं प्रतिबिंब यांतला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा, म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मिळते. त्यावरून अक्षांश काढता येतात. ठिकाणाची उंची काढायची ती चहाच्या आधणावरून. दर 300 मीटर चढलं की पाणी सुमारे एक अंश सेल्सिअस कमी तापमानाला उकळतं. आधणात थर्मामीटर बुडवायला चार क्षण एकांत मिळाला की काम झालं.

सकाळी फिरायला जाताना पावलं मोजून पाहा. ओळखीचं कोणी भेटलं, दोन शब्द झाले, की आकडा सुटतो. नैनसिंहाने मोजलेली पावलं सुमारे पंचवीस लाख होती. पकडलं गेलो तर मरण, हे ठाऊक असताना मोजलेली.

1865 च्या वसंतात तो काठमांडूहून निघाला. किरोंगच्या नाक्यावर तिबेटी अधिकाऱ्यांना त्याचं सोंग पटलं नाही. परत फिरून, वेष बदलून, लडाखी व्यापारी म्हणून तो दुसऱ्यांदा आत शिरला. मणिसिंह मागे राहिला. पुढे एका लडाखी तांड्याबरोबर तो त्सांगपो नदीच्या काठाने पूर्वेकडे गेला, शिगात्सेला पोचला. तिथे ताशी ल्हुन्पो मठात पंचेन लामाच्या, म्हणजे दलाई लामांखालोखाल मान असलेल्या धर्मगुरूच्या, दर्शनाला जावंच लागलं. लामा माणसाच्या मनातलं ओळखतो असा लौकिक, आणि याच्या मनात तर सगळं लपवाछपवीचंच. समोर पाहतो तो अकरा वर्षांचा मुलगा! त्याने नेहमीचे तीन प्रश्न विचारले, आशीर्वाद दिला आणि सोडून दिलं.

जानेवारी 1866 मध्ये तो ल्हासात पोचला. पैसे संपत आले होते, म्हणून नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून त्याने गुजराण केली. मास्तरकी अशी उपयोगी पडली. तिथल्या दोन काश्मिरी मुसलमानांनी त्याचं सोंग ओळखलं, पण गुपित पोटात ठेवलं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. परवानगीशिवाय आलेल्या एका चिनी माणसाचा भररस्त्यात शिरच्छेद झालेला नैनसिंहाने पाहिला, आणि त्यानंतर तो फारसा बाहेर पडेना. रात्री मात्र निरीक्षणं चालूच होती. ल्हासाचे अक्षांश त्याने 29 अंश 39 कला काढले. आजच्या नकाशातही तेच आहेत.

एप्रिलमध्ये तो त्याच लडाखी तांड्याबरोबर परत निघाला, नदीच्या काठाने मानसरोवरापर्यंत आला आणि ऑक्टोबरअखेर डेहराडूनला हजर झाला. मोजलेली वाट 1,200 मैल. त्सांगपोचा एवढा मोठा पल्ला पहिल्यांदाच मोजून नकाशावर आला.

आता श्रेय कसं वाटलं गेलं ते पाहू. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने माँटगोमेरीला सुवर्णपदक दिलं होतं ते 1865 मध्येच. 1868 मध्ये त्याने नैनसिंहाच्या प्रवासाचा वृत्तांत सोसायटीपुढे मांडला आणि तो छापलाही गेला. त्यात माळ होती, मणिचक्र होतं, सगळ्या युक्त्या होत्या. करणाऱ्याचं नाव तेवढं नव्हतं, नुसतं ‘पंडित’. जी माणसं अजून त्याच माळा घेऊन तिबेटात जायची होती, त्यांच्या जिवावर बेतेल अशा गोष्टी उघड छापल्या, ही मला अक्षम्य बेपर्वाई वाटते. नैनसिंहाला त्या वर्षी सोसायटीने सोन्याचं घड्याळ पाठवलं.

तो मात्र थांबला नाही. 1867 मध्ये पश्चिम तिबेटातल्या ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींकडे मोहीम झाली. सुमारे 5,000 मीटर उंचीवर, वाऱ्यापासून वाचायला खोल खड्ड्यांत राहुट्या ठोकून राहणारे खाणकामगार तिथे होते. 1873 मध्ये यारकंदची वारी झाली. आणि 1874 च्या जुलैत शेवटची, सगळ्यांत अवघड मोहीम: लेहहून उत्तर तिबेटच्या ओसाड पठारावरून ल्हासा. ओझी मेंढ्यांच्या पाठीवर. निघताना सव्वीस मेंढ्या होत्या, ल्हासापर्यंत त्यांतल्या मोजक्याच टिकल्या. ल्हासात लेहच्या एका व्यापाऱ्याने त्याला ओळखलं, म्हणून दोनच दिवसांत गाशा गुंडाळून तो तवांगमार्गे निघाला. तवांगला अडकवून ठेवलं, तरी मार्च 1875 मध्ये तो आसामात उदलगुडीला उतरला. वर्षानुवर्षं बर्फाच्या चकाकीत आणि रात्री ताऱ्यांकडे रोखून डोळे अधू झाले होते.

1877 मध्ये त्याला सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, या वेळी नावानिशी. आशियाच्या नकाशात आपल्या काळातल्या इतर कोणाही एका माणसापेक्षा याने अधिक भर घातली, असं पदक देताना सांगितलं गेलं. त्याच्या नावाचं टपाल तिकीट आपल्याकडे निघालं ते 2004 मध्ये.

नैनसिंहाला निदान पदक मिळालं. माँटगोमेरीच्याच दुसऱ्या हेराला, मिर्झा शुजाला, अफगाणिस्तानापलीकडे बुखाऱ्याच्या वाटेवर झोपेत मारलं, तेही त्याच्याच वाटाड्यांनी. नैनसिंहाचा भाऊबंद किशनसिंह, अहवालांत ‘ए-के’, 1878 ते 1882 अशी चार वर्षं ल्हासापासून पार गोबीच्या कडेला दुनहुआंगपर्यंत फिरला. एकदा दरोडेखोरांच्या भीतीने तांड्याबरोबर घोड्यावर बसावं लागलं, तेव्हा पावलं मोजणार कशी? घोड्याचा पुढचा उजवा पाय किती वेळा टेकतो ते त्याने मोजलं, आणि असे दोनशेच्या वर मैल मोजले. तो घरी आला तेव्हा त्याचा एकुलता एक मुलगा गेलेला होता.

आणि किंथुप. सिक्कीमचा हा माणूस दार्जिलिंगला शिवणकाम करायचा, लिहिता-वाचता येत नव्हतं. तिबेटची त्सांगपो हीच आसामची ब्रह्मपुत्रा का, हा प्रश्न सोडवायला मोजणी खात्यातल्या कॅप्टन हार्मनने 1880 मध्ये त्याला एका लामाबरोबर, लामाचा नोकर म्हणून, पाठवलं. ठरलं होतं असं: खुणेचे ओंडके वरच्या अंगाला नदीत सोडायचे आणि खाली आसामात माणसं त्यांची वाट पाहतील. वाटेत लामाने किंथुपला एका किल्लेदाराला गुलाम म्हणून विकलं आणि तो पसार झाला. किंथुप पळाला, मारपुंगच्या मठात शिरला. मठाधिपतीने पन्नास रुपये देऊन त्याला सोडवलं आणि स्वतःच्या चाकरीत ठेवलं. यात्रेच्या नावाखाली सुटी मागून तो जंगलात गेला, पाचशे ओंडके तोडले, गुहेत लपवले. पुन्हा सुटी मागून ल्हासाला गेला, आणि अमुक तारखांना ओंडके सोडतो असं पत्र एका सिक्कीमी माणसाकडून लिहवून दार्जिलिंगला धाडलं. मग मठात परत! आणखी काही महिने चाकरी केली. सुटका झाल्यावर ठरलेल्या दहा दिवसांत, रोज पन्नास, असे पाचशे ओंडके त्याने नदीत सोडले.

काठावर कोणी नव्हतं. पत्र वेळेत पोचलंच नव्हतं आणि हार्मन आजारी पडून हिंदुस्थान सोडून गेला होता. चार वर्षांनी, 1884 मध्ये, किंथुप दार्जिलिंगला परतला. त्याने सगळी हकिकत तोंडी सांगितली, दुसऱ्यांनी ती लिहून घेतली, आणि लिहिताना एका लहान धबधब्याचा दीडशे फुटी धबधबा झाला. त्याच्या सांगण्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. 1913 मध्ये बेली आणि मॉर्सहेड हे दोघे अधिकारी त्या दरीत गेले, तेव्हा तो भलामोठा धबधबा सोडला तर वाट, गावं, वळणं त्याने सांगितली तशीच निघाली. बेलीने दार्जिलिंगात त्याला शोधून काढलं आणि सरकारने त्याला पेन्शन द्यावं म्हणून खटपट केली. सरकारने पेन्शन दिलं नाही, एकरकमी हजार रुपये दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत किंथुप गेला.