परदेशातील खाद्यव्यवसाय : परवाना व तपासणी

परक्या देशात शिजवलेले वा पाकीटबंद अन्न विकण्यासाठी घ्यावी लागणारी शासकीय अनुमती, करावी लागणारी नोंद आणि त्यानंतर जागेची वेळोवेळी होणारी पाहणी यांचा विचार या नोंदीत केला आहे. उदाहरणे शक्य तेथे कोल्हापुरी पदार्थांची घेतली आहेत. कोल्हापुरात या सगळ्याला मिळून ‘लायसन’ हा एकच शब्द चालतो. त्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. परवाना म्हणजे आधी अनुमती, मग धंदा. नोंदणी म्हणजे धंदा सुरू करत असल्याची वर्दी. भारतात अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील २०११ च्या नियमांनी १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला नोंदणी आणि त्यापुढे परवाना अशी विभागणी केली. मात्र येथील नोंदणीचा अर्जही अधिकारी फेटाळू शकतो. काही देशांत तसे करता येत नाही, आणि तेथे सगळा भार तपासणीवर पडतो.

अन्नविक्रीवर राज्यसत्तेची नजर नेमकी केव्हापासून आहे, हा वादाचा विषय आहे. युरोपीय लेखक बहुधा इंग्लंडमधील पाव व बिअर यांच्या नियमनाच्या कायद्यापासून सुरुवात करतात. तो परंपरेने १२६६-६७ चा मानला जातो. काही अभ्यासक त्याला सुमारे दहा वर्षे मागे नेतात. गव्हाच्या भावानुसार पावाचे वजन ठरवणे हा त्याचा गाभा, त्यामुळे तो आरोग्यापेक्षा मापाचाच कायदा ठरतो. कौटिलीय अर्थशास्त्रातील तरतुदी आजच्या तपासणीच्या कल्पनेला अधिक जवळच्या आहेत. सूनाध्यक्षाच्या, म्हणजे खाटिकखान्यांवरील अधिकाऱ्याच्या, प्रकरणात खाटिकखान्याबाहेर मारलेल्या, दुर्गंधी सुटलेल्या वा आपोआप मेलेल्या जनावराचे मांस विकण्यास बंदी असून दंड १२ ‘पण’ (त्या काळचे नाणे) आहे. ‘नागरिक’ म्हणजे नगराचा कारभार पाहणारा अधिकारी; त्याच्या प्रकरणात शिजवलेले मांस विकणारे पाक्वमांसिक आणि भात विकणारे औदनिक यांचा उल्लेख येतो. पण तो ओळखीच्या माणसालाच मुक्कामाला ठेवण्याच्या संदर्भात. म्हणजे तेथे चिंता अन्नाची नसून हेरांची व चोरांची आहे. या ग्रंथाच्या काळाबद्दल मतभेद आहेत. ग्रंथाचे संपादक र. पं. कंगले यांनी तो मौर्यकालीन कौटिल्याचाच मानला, इतिहासकार ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दगणनेच्या आधारे अनेक कर्ते सुचवले, तर अनुवादक ऑलिव्हेल मूळ रचनाही मौर्यांनंतरची धरतात. अलीकडचा कल या शेवटच्या मताकडे आहे. तसे धरले तरी सूनाध्यक्षाचा नियम इंग्लिश कायद्याच्या कित्येक शतके आधीचा ठरतो.

कोल्हापूर संस्थानात उपाहारगृहाची खरी अडचण सरकारी नव्हती. गंगाराम कांबळे यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत. वर्षाबद्दल एकवाक्यता नाही. महाराजांच्या निधनापूर्वीचे, म्हणजे १९२२ च्या आधीचे, एवढे निश्चित. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा लोकांनी प्यावा, ही अनुमती कोणत्याही कचेरीत मिळण्यासारखी नव्हती.

आजच्या तपासणीचा पाया ‘हॅसप’ (HACCP, म्हणजे धोक्याचे विश्लेषण व निर्णायक नियंत्रणबिंदू) पद्धत हा आहे. अंतराळवीरांच्या अन्नासाठी पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराची नॅटिक प्रयोगशाळा यांनी ती बसवली. प्रारंभ सामान्यतः १९५९ चा देतात; जाहीर मांडणी १९७१ मध्ये झाली आणि आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९९३ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. तयार माल तपासण्याऐवजी धोका नेमका कोणत्या टप्प्यावर शिरतो ते हेरून तेथेच मोजमाप ठेवायचे, हे तिचे सूत्र. मिसळीचा कट घेतला तर ते चटकन कळते. कट सकाळपासून मंद आचेवर असतो आणि गिऱ्हाईक येईल तसा वाढला जातो. वर तेलाचा लाल तवंग असल्याने वाफ फारशी दिसत नाही. गरम आहे की कोमट, हे आचारी पळी घालून अंदाजाने ओळखतो. तपासनीस मात्र तापमापकाची सळई पातेल्याच्या मध्यापर्यंत बुडवतो. ब्रिटनमध्ये ती ६३ अंश सेल्सिअस किंवा अधिक दाखवायला हवी, ऑस्ट्रेलियात ६०, अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत ५७. उरलेला रस्सा थंड करणे त्याहून अवघड. अमेरिकी संहितेनुसार तो दोन तासांत ५७ वरून २१ अंशांवर आणि एकूण सहा तासांत ५ अंशांवर आला पाहिजे. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला मटणाचा रस्सा रात्रभर कोमटच राहतो. उकळण्याने न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू त्या उबेत रुजतात आणि एवढ्यासाठीच उथळ ताटांत ओतून निववण्याचा आग्रह असतो. सकाळी पुन्हा उकळी काढली की भागते, ही आपल्याकडची समजूत तेथे ग्राह्य धरली जात नाही.

ब्रिटनमध्ये धंदा सुरू करण्यापूर्वी किमान २८ दिवस स्थानिक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ती विनामूल्य असते आणि नाकारता येत नाही. घरच्या स्वयंपाकघरातून डबे देणाऱ्यालाही ती लागू आहे. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात गरम पदार्थ किंवा पेय विकायचे असल्यास इंग्लंड व वेल्समध्ये २००३ च्या कायद्याखाली वेगळा परवाना घ्यावा लागतो. पाहणी सहसा न कळवता होते. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये तीवरून ० ते ५ असे मानांकन मिळते. ते दारावर लावणे वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये ऐच्छिक. स्कॉटलंडची पद्धत निराळी. ० ते ५ च्या मानांकनात गुण तीन बाबींना : अन्नाची हाताळणी, जागेची स्थिती आणि व्यवस्थापनावरील विश्वास. तिसरी बाब म्हणजे व्यवहारात कागदपत्रे. फ्रिजच्या तापमानाची रोजची नोंद, साफसफाईचे वेळापत्रक, कामगारांचे प्रशिक्षण हे सगळे लिहिलेले हवे. एका बाबीत फार वाईट गुण पडले तर बाकी दोन चांगल्या असूनही मानांकन घसरते. नजरेने आणि हाताने शिकलेल्या आचाऱ्याचे गुण येथेच जातात, असे म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत देशभर एकच परवाना नाही. अन्न व औषध प्रशासनाची संहिता केवळ नमुना आहे. राज्ये ती कमीअधिक फरकाने स्वीकारतात, आणि उपाहारगृहाचा परवाना व तपासणी बहुतेक ठिकाणी काउंटी वा शहराच्या आरोग्य खात्याकडे असते. न्यूयॉर्क शहरात २०१० पासून अक्षरश्रेणी आहे. दोषांचे गुण १३ पर्यंत असतील तर ए, २७ पर्यंत बी, त्यापुढे सी. हात धुण्याचे बेसिन भांड्यांच्या मोरीपासून वेगळे हवे. ही अट साधी वाटते, पण जुनी जागा भाड्याने घेणाऱ्याला नळकामाचा खर्च तेथेच बसतो.

सिंगापूरमध्ये परवाना व तपासणीचे काम २०१९ पासून ‘सिंगापूर अन्न संस्था’ या सरकारी यंत्रणेकडे आहे. दुबईत व्यापारी परवाना व नगरपालिकेची अन्नविषयक मान्यता या दोन्ही गोष्टी लागतात, शिवाय आस्थापनेत प्रशिक्षित जबाबदार व्यक्ती नेमावी लागते.

घटकांचे नियम कोल्हापुरी स्वयंपाकाला विशेष अडवतात. युरोपीय संघ व ब्रिटन यांच्या १४ ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत गहू, शेंगदाणे, तीळ आणि मोहरी आहेत. म्हणजे मिसळीतला ब्रेड, फरसाण, कांदा-लसूण मसाला आणि फोडणी ही प्रत्येक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगावी लागते. अमेरिकेच्या यादीत तीळ २०२३ पासून आला; उलट नारळ तेथे २०२५ मध्ये वगळण्यात आला. पांढऱ्या रश्श्याची अडचण वेगळीच आहे. त्यात अनेक घरी खसखस वाटून घालतात. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून खसखशीतील मॉर्फिनसदृश द्रव्यांना किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. सिंगापुरात ती पूर्वपरवानगीशिवाय आणता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि सामानात सापडली तरी गुन्हा होतो. आखातात पांढरा रस्सा करायचा तर वाटणाला काजू आणि नारळाच्या दुधावरच दाटपणा आणावा लागतो.